गाडीतला कंपनीचा सबवूफर: दुरुस्त करावा की बदलावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘सबवूफर गेलाय, नवा बसवायचाय,’ असं सांगत लोक येतात तेव्हा मी आधी विचारतो, ‘गेला म्हणजे नेमकं काय झालं?’ आवाज फाटतोय, अधूनमधून जातोय, घुमतोय की पूर्ण बंद आहे? या चारही तक्रारींची कारणं वेगळी आहेत आणि त्यातल्या कित्येक वेळा स्पीकर बदलायची गरजच नसते. कंपनीचा सबवूफर, म्हणजे गाडीसोबतच आलेला, खालचे जाड सूर (बास) वाजवणारा मोठा स्पीकर, हा सुटा स्पीकर नाही. त्याच्यामागचं अँप (स्पीकरला ताकद देणारं अँप्लिफायर), तो बसलेली जागा आणि त्या गाडीसाठी ठरवलेलं ट्यूनिंग हे सगळं मिळून तो वाजतो. म्हणून मोजमाप न करता बदललेला सबवूफर बरेचदा जुन्याहून वाईट वाजतो. मला सारखे विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं खाली देतो.

माझ्या गाडीत सबवूफर आहे का, आणि कुठे?

सेडान असेल तर डिकी उघडून, मागच्या काचेखालच्या ट्रेकडे खालून बघा. मधोमध मोठं चुंबक लटकलेलं दिसलं तर तोच. हॅचबॅक आणि एसयूव्हीत तो डिकीच्या बाजूच्या पॅनलमागे असतो, नाहीतर स्टेपनीच्या चाकात बसवलेली चपटी पेटी असते. काही गाड्यांत तो पुढच्या सीटखाली असतो.

ट्रेवरच्या सबवूफरला स्वतःची पेटी बहुधा नसते, पूर्ण डिकी हीच त्याची पेटी. सीटखालचा किंवा पॅनलमागचा सबवूफर मात्र लहानशा बंद पेटीत असतो. तुमचा यातला कोणता हे आत्ताच नीट पाहून ठेवा, कारण बदलायची वेळ आली तर सगळा हिशेब इथूनच सुरू होतो.

बास कमी झालाय. सबवूफरच बिघडलाय हे कशावरून ठरवायचं?

पाना हातात घेण्याआधी स्टिरिओची सेटिंग बघा. फेडर (पुढच्या-मागच्या स्पीकरमधला तोल ठरवणारी सेटिंग) पूर्ण पुढे गेला असेल तर काही गाड्यांत सबवूफरही गप्प होतो. सबवूफरची पातळी वेगळी ठेवायची सोय असेल तर ती शून्यावर गेलेली नाही ना, हे बघा. बॅटरी बदलल्यावर किंवा सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर ही सेटिंग मूळ जागी जाऊ शकते. मग तेच गाणं फोनऐवजी पेनड्राइव्हवरून लावून बघा. फोनमधल्या इक्वलायझरने बास कापलेला असतो आणि दोष सबवूफरच्या माथी येतो.

एवढं झाल्यावर ४० ते ६० हर्ट्झचा टेस्ट टोन अगदी हळू आवाजात लावा आणि सबवूफरच्या जाळीवर तळहात ठेवा. निरोगी सबवूफर हाताला गुळगुळीत, सलग ढकलतो. पडदा (स्पीकरचा हलणारा शंकू) हलतोय पण सोबत खरखर आहे, तर दोष स्पीकरमध्ये. अजिबात हालचाल नाही, तर कॉइल (पडद्यामागची तारेची गुंडाळी), वायर, फ्यूज, अँप असे बरेच संशयित आहेत आणि मोजल्याशिवाय कोणाचंही नाव घेता येत नाही.

बास वाजला की मागून काहीतरी भर्रर्र करतं. स्पीकर फाटलाय का?

असेलच असं नाही. नंबर प्लेट, ट्रेचं प्लॅस्टिक, सीटबेल्टचं बक्कल, जॅकचा दांडा, तिसऱ्या ब्रेक लाइटचं कव्हर यांतलं काहीही ठराविक सुराला थरथरतं. माझ्या स्वतःच्या गाडीत मी दोन वेळा सबवूफर काढून तपासला होता आणि आवाज करत होता तो पाना ठेवायच्या पिशवीतून निसटलेला टॉमी (लोखंडी दांडा).

शोधायची पद्धत सोपी आहे. २० ते १५० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जाणारा स्वर लावा. ज्या आकड्याला आवाज येतो तिथे स्वर थांबवा. आता एकजण मागे बसून एकेका वस्तूवर हात दाबत जाईल. हात ठेवताच आवाज थांबला की चोर सापडला. फेल्टची टेप, फोमची पट्टी किंवा घट्ट केलेला एखादा स्क्रू एवढ्यावर काम होतं. ट्रेचा पत्रा स्वतःच थरथरत असेल तर त्यावर ब्यूटाइलची, थरथर शोषणारी डॅम्पिंग शीट चिकटवा.

सबवूफरचे स्वतःचे स्क्रूही बघा. चारपैकी एक ढिला असला तरी फाटक्या पडद्यासारखाच आवाज येतो.

मल्टिमीटरने नेमकं काय मोजायचं?

आधी स्पीकरचा कपलर (वायरींचा प्लग) काढा. अँपला जोडलेल्या स्पीकरचा ओम मोजू नका, आकडा चुकीचा येतो.

मीटर सर्वांत खालच्या ओमच्या रेंजवर ठेवा, दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा आणि येणारा आकडा लिहून ठेवा. तो प्रोबच्या वायरींचा स्वतःचा रोध असतो, ०.२ ते ०.५ ओमच्या आसपास. सबवूफरच्या दोन टोकांवर जे मिळेल त्यातून तो वजा करायचा. ही पायरी लोक गाळतात. २ ओमच्या कॉइलमध्ये अर्ध्या ओमची चूक म्हणजे पाव भाग चूक झाली.

४ ओमचा सबवूफर मीटरवर साधारण ३.२ ते ३.७ दाखवतो, २ ओमचा साधारण १.५ ते १.९. आकडा कमी दिसला म्हणून घाबरू नका. स्पीकरवर छापलेला ओम हा वाजत असतानाचा, इम्पीडन्सचा असतो. मीटर फक्त कॉइलच्या तारेचा रोध मोजतं.

मीटर काहीच दाखवत नसेल तर कॉइल किंवा तिच्याकडे जाणारी वेणीची (मऊ, विणलेली) तार तुटली आहे. आकडा जवळजवळ शून्य असेल तर कॉइल आतून शॉर्ट आहे. आकडा ठीक असेल तर बोटांनी पडदा हळूच आत-बाहेर करत पुन्हा बघा. हलवताना आकडा उड्या मारत असेल तर तार अर्धवट तुटलेली आहे, आणि हाच दोष सगळ्यात जास्त वेळा निसटतो, कारण टेबलावर स्थिर ठेवलेला स्पीकर अगदी व्यवस्थित मोजतो.

शेवटी एक प्रोब टर्मिनलवर आणि दुसरा लोखंडी सांगाड्यावर ठेवा. इथे काहीही आकडा यायला नको. आला तर कॉइल बॉडीला टेकते आहे. असा स्पीकर पुन्हा अँपला जोडू नका, अँपही जाईल.

काही सबवूफरना दोन कॉइल असतात, म्हणजे चार टोकं. दोन्ही वेगवेगळ्या मोजा. आकडे जवळपास सारखे हवेत आणि एका कॉइलचा दुसरीशी संबंध यायला नको.

मीटर नाही. काही घरगुती उपाय?

घड्याळात घालतो तो १.५ व्होल्टचा सेल घ्या. कपलर काढून सेलचं अधिक टोक स्पीकरच्या अधिक टर्मिनलला, उणे उणेला, आणि फक्त क्षणभर टेकवा. ‘थप्प’ असा आवाज येऊन पडदा बाहेर उचलला गेला तर कॉइल जिवंत आहे आणि अधिक-उणेही बरोबर ओळखलंत. आत ओढला गेला तर तुम्ही जोडलेली टोकं उलटी आहेत. सेल धरून ठेवू नका, आणि गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीने हा प्रयोग मुळीच करू नका, कॉइल जळते.

फोमची कड आपोआप गळून पडली. मी तर आवाज कधी मोठा करत नाही, मग असं का?

आवाजाचा याच्याशी फारसा संबंध नाही. पडदा आणि लोखंडी सांगाडा यांना जोडणारी कडेची रिंग पॉलियुरेथेन फोमची असेल तर ती हवेतल्या ओलाव्याने, उष्णतेने आणि उन्हाने हळूहळू कुजते. साधारण १० ते २० वर्षांत तिचा जीव जातो. ट्रेवरचा सबवूफर तर मागच्या काचेखाली, थेट उन्हात असतो, आणि उन्हात उभ्या बंद गाडीत तापमान ६० अंशांच्या पुढे सहज जातं.

अशी कड बाहेरून कधीकधी अखंड दिसते. जाळी काढून तिच्यावर बोट हलकेच फिरवा. चांगला फोम दाबला की पुन्हा वर येतो. कुजलेल्या फोमचा बोटाला काळसर, चिकट चुरा लागतो आणि दाबलं तिथे खळगा तसाच राहतो. रबराची कड असेल तर ती बहुधा कुजत नाही, पण तिचा गोंद सुटतो. मग ती एका बाजूने उचकटून फडफडते, आणि हे काम सोपं असतं: गोंद लावायचा, चिमटे लावून ठेवायचे.

फोम गेलेला सबवूफर तसाच वाजवत राहू नका. पडद्याला मध्यभागी धरून ठेवण्यात या रिंगेचा मोठा वाटा असतो. ती गेली की पडदा तिरका चालतो, कॉइल चुंबकाच्या फटीत घासते आणि तिच्यावरचं इनॅमल (तारेचा वरचा लेप) निघतं. जे काम एका रिंगवर भागलं असतं ते मग कॉइलपर्यंत जातं.

ही रिंग मला स्वतः बदलता येईल का?

येईल. एक मोकळा दिवस आणि घाई न करणारा हात एवढंच लागतं. माझ्या मते सबवूफरच्या कामांत सर्वांत समाधान देणारं काम हेच आहे, कारण कॉइल, पडदा, चुंबक सगळं मूळचं राहतं आणि गाडीचा मूळ आवाज परत येतो.

नवी रिंग इंचातल्या नावावरून मागवू नका. ‘८ इंची’ म्हणून विकल्या जाणाऱ्या रिंगांची मापं एकमेकींशी जुळत नाहीत. चार मापं घ्या: पडद्याचा व्यास, रिंगेच्या गोलाईचा आतला आणि बाहेरचा व्यास, आणि सांगाड्यावर जिथे रिंग चिकटते तिथला व्यास. रिंग पडद्याच्या वरून चिकटलेली आहे की खालून, हेही बघून ठेवा.

जुना फोम आणि गोंद काढायला प्लॅस्टिकची पट्टी आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. थिनर किंवा अ‍ॅसिटोन नको. ते ओघळून मध्यापर्यंत गेलं तर कॉइलचा गोंद सुटतो. सांगाड्याची कड अगदी स्वच्छ करा. जुन्या गोंदाच्या उंचवट्यावर बसवलेली रिंग वाकडी बसते आणि तो वाकडेपणा शेवटपर्यंत जात नाही. चुंबकाजवळ लोखंडी हत्यार जपून आणा. स्क्रू ड्रायव्हर हातातून खेचला जातो आणि थेट पडद्यात घुसतो. एकदा अशी खोच पडलेली पाहिली की टेबलावर लाकडी पट्टीच घ्यावीशी वाटते.

आधी रिंग फक्त पडद्याला चिकटवा आणि वाळू द्या. मग खरं नाजूक काम येतं: सांगाड्याला चिकटवताना कॉइल फटीच्या बरोबर मध्ये हवी. त्याच्या दोन रीती आहेत. एक, मधली टोपी धारदार ब्लेडने कापून काढायची आणि कॉइलच्या आत, चुंबकाच्या गाभ्याभोवती पातळ प्लॅस्टिकच्या पट्ट्या सारख्या अंतरावर खोचायच्या. गोंद वाळला की पट्ट्या काढून टोपी पुन्हा चिकटवायची. दुसरी रीत म्हणजे टोपीला हात न लावता गोंद ओला असतानाच २० ते ३० हर्ट्झचा स्वर बारीक आवाजात लावायचा आणि घासल्याचा आवाज पूर्ण थांबेपर्यंत पडदा बोटांनी किंचित इकडेतिकडे सरकवायचा. पहिल्यांदाच करत असाल तर पट्ट्यांची रीत घ्या, तिच्यात चुकायला जागा कमी आहे.

गोंद रिंगेबरोबर येतो तोच वापरा आणि पूर्ण २४ तास थांबा. स्पर्शाला कोरडा लागला म्हणजे वाळला असं नाही. नंतर दोन्ही हातांची बोटं पडद्यावर समोरासमोर ठेवून तो सरळ खाली दाबा. शांतपणे खाली-वर झाला तर काम जमलं. कागदावर नख ओढल्यासारखा आवाज आला तर कॉइल घासते आहे. ती बाजू सोडवून पुन्हा बसवा.

पडदाच फाटलाय. जोडता येतो का?

कागदाचा असेल तर हो. टिश्यू पेपरचा तुकडा कात्रीने न कापता हाताने फाडून घ्या, म्हणजे कडा विरळ राहतात. पांढरा लाकडी गोंद थोडं पाणी घालून पातळ करा आणि दोन्ही बाजूंनी ठिगळ लावा. वजन जितकं कमी तितकं बरं. एपॉक्सीचा जाड थर देऊ नका, पडदा एका बाजूने जड होऊन डुगडुगतो.

पॉलीप्रॉपिलीनच्या पडद्याला साधे गोंद धरत नाहीत. त्यावर मोठी चीर असेल तर मी वेळ घालवत नाही.

खड्ड्यात गाडी गेली की आवाज जातो, मग परत येतो.

हे वेणीच्या तारेचं किंवा कपलरचं दुखणं आहे. टर्मिनलपासून पडद्यापर्यंत जी मऊ, विणलेली तार लोंबते ती वर्षानुवर्षं दर ठोक्याला वाकत असते आणि बहुधा टर्मिनलजवळच तुटते. तिच्या जागी साधी वायर जोडू नका, काही दिवसांत मोडेल. स्पीकरसाठी मिळणारी विणलेली तारच घ्या. लांबी अशी ठेवा की पडदा पूर्ण बाहेर आला तरी ती ताणली जाऊ नये आणि आत गेला तरी पडद्यावर आपटू नये. सोल्डर करताना सोल्डरिंग आयर्न पटकन उचला. सोल्डर वेणीत वर चढला तर तेवढा भाग कडक होतो आणि पुढच्या वेळी तार तिथूनच तुटते.

कॉइल घासते किंवा जळाली आहे. आता?

घासण्याचं कारण कधी फटीत शिरलेला लोखंडाचा कीस असतो. टोपी काढून चिकटपट्टीची बारीक गुंडाळी फटीतून फिरवली की तो निघतो. पण कॉइलचा आकार बिघडला असेल, किंवा जवळ नाक नेल्यावर करपट वास येत असेल, तर रीकोन करावं लागतं. म्हणजे पडदा, कॉइल, स्पायडर (पडद्याला मागून धरणारी नागमोडी चकती), रिंग सगळं नवं, फक्त सांगाडा आणि चुंबक जुनं. कंपनीच्या सबवूफरना हे कीट नेमक्या मापाचं मिळणं अवघड जातं. अंदाजे मापाच्या कॉइलने रीकोन केलेला स्पीकर नावाला मूळचा राहतो, आवाज दुसराच येतो. इथे मी बदलायचाच सल्ला देतो.

कॉइल कशाने जळाली हे मात्र शोधा. अँप ताकदीबाहेर ढकललं की आवाजाची लाट वरून-खालून कापली जाते, कॉइलला जास्त उष्णता सोसावी लागते आणि पडद्याच्या हालचालीतून मिळणारा गारवा त्या मानाने पुरत नाही. बास फुल्ल, लाउडनेस चालू आणि व्हॉल्यूम शेवटच्या टोकाला अशी सवय असेल तर नवा स्पीकरही त्याच वाटेने जाईल.

सबवूफर मोजला तर ठणठणीत आहे, तरी आवाज नाही.

मग अँपकडे वळा. आधी फ्यूज. डोळ्यांनी बघून सोडू नका, मीटरने तपासा, कारण फ्यूजमधली तार केसाएवढ्या फटीने तुटलेली दिसतच नाही. मग अँपचा कपलर.

कंपनीचं अँप बरेचदा डिकीत, स्टेपनीजवळच्या खोलगट जागेत असतं आणि पाणी नेमकं तिथेच साचतं. मागच्या दिव्याचं रबर, सनरूफची पाणी वाहून नेणारी नळी, डिकीच्या दाराची बीडिंग यांतलं एक गळत असलं तरी पुरे. एका गाडीत याआधी कुणीतरी सबवूफर बदलून दिला होता, तरी आवाज नव्हता. मी डिकीचं कार्पेट उचललं तर खाली ओला फेल्ट होता. अँपच्या कपलरमधल्या दोन पिना मोरचुदासारख्या निळसर-हिरव्या झाल्या होत्या, आणि एक तर ओढताच हातात आली. तो नवा स्पीकर बिचारा पहिल्या दिवसापासून गप्प बसून होता. पिना बदलल्या, दिव्याचं रबर बदललं, सबवूफर वाजू लागला. गळती न थांबवता अँप बदललंत तर तेच काम पुन्हा निघेल.

जुन्या गाडीतून काढलेलं अँप लावणार असाल तर आधी चौकशी करा. काही गाड्यांत ते त्या गाडीच्या चेसिस नंबरशी जोडलेलं असतं आणि कोडिंग केल्याशिवाय बोलत नाही.

बदलायचाच ठरवला. कंपनीचा घ्यावा की बाहेरचा?

गाडी वॉरंटीत असेल तर काहीही उघडण्याआधी तिकडे दाखवा. नसेल तर पहिली पसंती त्याच पार्ट नंबरच्या स्पीकरला. तो जसाच्या तसा बसतो, ओम जुळतो, ट्यूनिंग जुळतं. जुन्या गाडीतून काढलेला घेताना तो तितकाच जुना आहे हे विसरू नका. फोमची कड असेल तर तीही त्याच वयाची आहे. घेण्याआधी बोट लावून बघा.

बाहेरचा घेताना चार गोष्टी जुळवा: ओम, भोकाचा व्यास, खोली आणि जागेचा प्रकार. खोलीत लोक फसतात. सीटखाली किंवा पॅनलमागे जागा मोजकी असते आणि चुंबक पत्र्याला टेकलं की सगळं वाया. शिवाय वाजताना पडदा बाहेर येतो. त्याला जाळीपासून मोकळी जागा हवी.

जागेच्या प्रकारासाठी स्पीकरच्या माहितीपत्रकात थील-स्मॉल पॅरामीटर्स, म्हणजे स्पीकरचा स्वभाव सांगणारे आकडे असतात. नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल या दोन अभियंत्यांच्या कामावरून हे नाव पडलं. त्यातला क्यूटीएस हा आकडा पाहा. ट्रेवर, म्हणजे पेटीशिवाय बसणाऱ्या सबवूफरचा क्यूटीएस साधारण ०.६ किंवा त्याहून जास्त हवा. पेटीसाठी बनवलेला, कमी क्यूटीएसचा भारी सबवूफर ट्रेवर लावला तर खालचा बास हरवतो. महाग होता म्हणून चांगला वाजेल असं होत नाही.

२ ओमच्या जागी ४ ओमचा लावला तर काय होईल?

काही जळणार नाही, पण आवाज बसेल. अँप तेवढाच व्होल्टेज देतं आणि रोध दुप्पट झाला तर वॉट निम्मे होतात. ३ डेसिबलचा फरक पडतो. बाकीचे स्पीकर मात्र पूर्वीइतकेच वाजतात, म्हणून बास मागे पडल्यासारखा वाटतो.

उलटं करू नका. ४ ओमच्या जागी २ ओमचा लावला तर करंट दुप्पट होतो. अँप तापतं आणि नशिबाने प्रोटेक्शनमध्ये जातं (स्वतःला वाचवायला बंद होतं), नाहीतर जळतं.

नावाजलेल्या ऑडिओ कंपन्यांच्या सिस्टीमना इथे विशेष जपा. त्यांतल्या काहींत १ ओमच्या आसपासचे स्पीकर असतात. अमेरिकेत १९८३ च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत बोसची सिस्टीम मिळू लागली, तेव्हाच प्रत्येक स्पीकरला स्वतःचं अँप आणि त्या केबिनपुरतं ट्यूनिंग अशी कल्पना होती. आजही अशा सिस्टीममधला एक भाग बदलला की बाकीचे त्याला ओळखत नाहीत.

जास्त वॉटचा घेतला तर बास वाढेल ना?

नाही. स्पीकरवर छापलेले वॉट म्हणजे तो किती सोसू शकतो, तो आकडा. देणारं अँप तेच असेल तर वॉट वाढत नाहीत. उलट जास्त वॉटच्या सबवूफरचा पडदा जड आणि स्पायडर कडक असतो, म्हणून कंपनीच्या लहान अँपवर तो सुस्त वाजतो. पाहायचा तो सेन्सिटिव्हिटीचा आकडा, म्हणजे तेवढ्याच वॉटमध्ये किती डेसिबल आवाज देतो ते.

मग अँपसकट सगळंच बदललं तर?

चालेल, पण पूर्ण विचार करून. कंपनीच्या अँपमध्ये मूळ स्पीकरच्या उणिवा झाकणारं ट्यूनिंग असतं. कित्येक गाड्यांत आवाज वाढवला की खालचा बास आपोआप कमी केला जातो, लहान स्पीकर वाचावा म्हणून. त्याच सिग्नलवर नवं अँप लावलं तर तीच कापलेली लाट मोठी होऊन येते. काही गाड्यांत सिग्नल ऑप्टिकल फायबरने जातो, तिथे वायर कापून काही हाती लागत नाही. इंडिकेटरची टिकटिक आणि इशाऱ्याचे आवाजही कधीकधी त्याच अँपमधून येतात, ते बंद पडू देऊ नका.

नव्या गाड्यांत आणखी एक गोष्ट: छतातले मायक्रोफोन इंजिनाची घरघर ऐकतात आणि स्पीकरमधून उलटा आवाज सोडून ती मारतात. सबवूफर वेगळा बसला किंवा अधिक-उणे उलटं जोडलं गेलं तर घरघर मरण्याऐवजी वाढते. गाणं बंद असतानाही कानात दडा बसल्यासारखं वाटू लागलं तर हेच कारण शोधा.

फक्त बास हवा असेल आणि बाकीचं बरं असेल, तर मूळ सिस्टीमला हात न लावता सीटखाली बसणारा, स्वतःचं अँप असलेला सबवूफर वेगळा जोडावा, असं मी सांगतो. तो स्पीकरच्या वायरीवरून सिग्नल घेतो आणि नको झाला तर मागमूस न ठेवता निघतो.

काम करताना कशाची भीती बाळगायची?

सीटखालच्या पिवळ्या कपलरची. तो एअरबॅगचा असतो. बॅटरीची उणे तार काढा, गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा वेळ थांबा, मगच सीट हलवा. कपलर सुटलेला असताना इग्निशन चालू करू नका, एअरबॅगचा दिवा लागून राहतो. इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाडीत नारिंगी केबलच्या आसपासही जाऊ नका.

स्पीकरची उणे वायर बॉडीला कधीही जोडू नका. आजच्या बहुतेक अँपमध्ये दोन्ही वायरींवर बॉडीच्या तुलनेत सुमारे ६ व्होल्ट असतात. जुन्या सवयीने एक वायर पत्र्याला लावली की अँपचा आउटपुट जातो.

नव्या अँपला थेट बॅटरीवरून तार नेत असाल तर फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत बसवा. फ्यूज अँप वाचवायला नाही, ती लांब तार कुठे पत्र्याला घासली तर आग लागू नये म्हणून आहे. पत्र्यातून तार जाते तिथे रबरी ग्रोमेट (तार पत्र्याला घासू न देणारी रिंग) हवंच.

नवा बसवला, पण बास जुन्याहून पातळ आहे.

आधी अधिक-उणे तपासा. सबवूफर बाकीच्या स्पीकरच्या उलट हलत असेल तर दोघं एकमेकांचा बास मारतात. दोन वायरी अदलाबदल करून तेच गाणं ऐका आणि ज्या जोडणीत बास भरदार येईल ती ठेवा. हे ड्रायव्हरच्या सीटवर बसून, दारं लावून ऐकायचं. डिकी उघडी ठेवून केलेला निवाडा खोटा निघतो.

मग स्पीकर आणि ट्रे यांच्यामधली फट बघा. पडद्याच्या पुढची आणि मागची हवा जिथे एकमेकींना भेटेल तिथे बास नाहीसा होतो, म्हणून पूर्ण गोलभर फोमची गॅस्केट हवी. भोकं जुळत नाहीत म्हणून अडॅप्टर रिंग लावली असेल तर तिच्याखालीही. स्क्रू एकेक करून पूर्ण आवळू नका. समोरासमोरचे, थोडेथोडे आवळत जा, म्हणजे सांगाडा पिळला जात नाही.

जुना काढलेला सबवूफर टाकून देऊ का?

सांगाडा सरळ आणि कॉइल मोजमापात ठीक असेल तर ठेवा. पडद्यावर पुठ्ठा बांधा, चुंबकाला कागद गुंडाळा म्हणजे लोखंडाचा कीस चिकटणार नाही, आणि उभा न ठेवता पडदा खाली करून सपाट ठेवा. त्याच्यावर गाडीचं मॉडेल, वर्ष, मोजलेला ओम आणि अधिक टर्मिनलच्या वायरीचा रंग लिहून चिकटवा. वायरींचे रंग चार वर्षांनी कुणालाच आठवत नाहीत.